आजीचं सिंगर आणि खोबरेल तेल

जुन्या शिवणयंत्रांविषयी विचारा असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, बरोबर फोटोही आले. पण जवळजवळ सगळ्यांनी फोटो काढलाय तो सोनेरी अक्षरांचा. अक्षरं मला पाठ आहेत हो. मला बघायचं असतं ते सुईखाली काय दडलंय ते. पुढच्या वेळी सरकता पत्रा उघडा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) बाहेर काढून शेजारी ठेवा आणि मग फोटो काढा. फोंड्यात शिवणाचा क्लास चालवताना मशीन अडलं की मेकॅनिकची वाट बघत बसणं परवडायचं नाही. पोरी बारा, मशीनं चार. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा लागला, तो अजून सुटलेला नाही.

प्रश्न : बाई, आजीचं हातमशीन माळ्यावरून खाली काढलं. काळं, सोनेरी नक्षीचं, वर लाकडी झाकण. ‘सिंगर’ लिहिलंय. सुईजवळच्या सरकत्या पत्र्यावर ‘सिमांको’ आणि पुढे काही आकडे आहेत. तो नंबर नेटवर टाकला तर काहीच उलगडा होत नाही. मशीन कुठल्या सालचं, मॉडेल कुठलं आणि याला आता सुई मिळेल का? बॉबिन तर कधी पाहिली नव्हती अशी लांब आहे. (एक वाचक, सांखळी)

उत्तर : ‘सिमांको’ हे सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं आखूड नाव. त्यापुढचे आकडे त्या पत्र्याचे. कंपनीने सुट्या भागांवर असे नंबर घातले, म्हणजे पत्रा हरवला तर दुकानात जाऊन तोच नंबर मागायचा. निम्मे लोक इथेच चकतात. काहींच्या पत्र्यावर इंग्रजीत तारखा असतात, त्या पेटंटच्या. त्यांवरून वय काढायला गेलात तर आजीचं मशीन पणजीच्या जन्माआधीचं निघायचं.

खरा नंबर बैठकीवर, म्हणजे मशीनच्या सपाट लोखंडी तळावर असतो. शिवायला बसतो तसं मशीन समोर घ्या. उजव्या हाताला, चाकाच्या बाजूला जो उभा खांब आहे, त्याच्या पायथ्याशी आकडे ठोकलेले सापडतील. वर्षानुवर्षं तेल आणि धूळ बसून तिथे काळा थर जमतो. चिंधीवर मशीनचं तेल घ्या आणि हलकेच पुसत राहा. नखाने किंवा चाकूने खरवडू नका, खालचा रंग निघेल.

तुमच्या शेवटच्या फोटोच्या कोपऱ्यात हा नंबर योगायोगाने आलाय : आधी ‘वाय’ अक्षर, मग सात आकडे, त्यांतले शेवटचे दोन अंधारात. तेवढं पुरे आहे. १९०० पासून सिंगरने नंबराआधी अक्षर घालायला सुरुवात केली, त्याआधीच्या मशीनांवर नुसते आकडे असतात. ‘वाय’ हे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचं अक्षर, साधारण १९२१ ते १९३५ च्या दरम्यानचं. ‘एफ’ असतं तर याच कारखान्याचं पण थोडं आधीचं. ‘ईए’, ‘ईबी’, ‘ईसी’ अशी जोडअक्षरं असती तर नंतरचं. बाकीच्या वाचकांसाठी : ‘सी’ म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे, ‘जी’ किंवा ‘एए’ म्हणजे अमेरिकेतलं, न्यू जर्सीचं. क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून ‘सिंगर’च आहे.

पूर्ण नंबर कळवलात तर साल आणखी जवळ आणता येईल. इंटरनॅशनल सुइंग मशीन कलेक्टर्स सोसायटीने अशा याद्या व्यवस्थित लावून ठेवल्या आहेत. मात्र यादीतली तारीख असते ती कारखान्याला नंबरांचा गठ्ठा वाटून दिल्याची. त्या गठ्ठ्यातलं तुमचं मशीन महिन्याने बाहेर पडलं असेल, नाहीतर वर्षाने. घरात कुणाचा वाढदिवस करायचा नसेल तर एवढी ओढाताण कशाला?

आता मॉडेल. तुम्ही लांब बॉबिनचं लिहिलंत तिथेच अर्धं काम झालं. बारीक दांडी, दोन टोकांना चकत्या, आणि ही बॉबिन बसते ती बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या शटलात. शटल गोल फिरत नाही, झोका घेत पुढे-मागे जातं. सिंगरमध्ये हे सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरचं लक्षण, आणि त्यांच्याच सुधारलेल्या १२७ व १२८ चं. बैठकीची लांबी मोजा. साडेचौदा इंचांच्या आसपास भरली तर मोठं मॉडेल, बारा-सव्वाबारा भरली तर लहान. फोटोतल्या मशीनशेजारी तुमची दाढीची वाटी दिसतेय, त्या मापाने मी लहान म्हणजे अठ्ठावीस धरून चालले आहे. बॉबिन गोल असती आणि सुईसमोर वरून आत टाकायची असती तर ६६, किंवा त्याचंच लहान भावंड ९९. गोल बॉबिन डाव्या बाजूने, तिच्या केसमध्ये (डबीत) घालून उभी बसवायची असती तर नंबर १५. आपल्याकडची देशी मशीनं बहुतेक या पंधराच्याच बांध्यावर बेतलेली, म्हणून पंधराचे भाग कुठेही मिळतात आणि तुमचे मिळत नाहीत.

तेव्हा ते शटल जपा. मशीन विकायचं असो वा वापरायचं, शटल आणि बॉबिनी नसतील तर ते लोखंडाचं वजन. शटल काढून त्याच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवा. कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खवला किंवा कंगोरा आहे, दोरा दर चार टाक्यांनी तिथेच तुटेल. अगदी बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासा, टोकाचा आकार बदलता कामा नये.

सुई मात्र आनंदाने मिळेल. या मशीनला तीच सुई चालते जी तुमच्या शेजारणीच्या घरगुती मशीनला लागते : पाकिटावर ‘१५×१’ किंवा ‘एचए×१’ लिहिलेलं बघा. साध्या सुती कापडाला १४ नंबर घ्या. आणि हो, सुई बसवायची कुठल्या अंगाने हे दर मशीनला वेगळं असतं, त्यामुळे शेजारणीचं बघून बसवू नका. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दुसरं अंग वर सपाट असतं. सपाट अंग शटलाच्या बाजूला, खाच त्याच्या उलट बाजूला, आणि दोरा ओवायचा तो खाचेच्या बाजूने. एवढं पाळलंत तर बहुतेक कुठलंही घरगुती मशीन समोर आलं तरी पुस्तकावाचून सुई बसेल.

उलटी शिलाई या मशीनला नाही. शेवटाला कापड फिरवून दोन-चार टाके परत घ्या, आजीही तेच करत असणार.

प्रश्न : आमचं पायमशीन मागच्या पडवीत पडून होतं. आईनंतर कुणी वापरलं नाही. दर गणेशचवथीच्या साफसफाईत काका त्यात खोबरेल तेल सोडायचे, तरीही आता चाक जागचं हलत नाही. काका म्हणतात, दोघांनी मिळून जोर लावू या. लावावा का? (एक वाचक, मांद्रे)

उत्तर : काकांना आधी चहा द्या आणि दूर बसवा. ‘तरीही’ हलत नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथे ‘म्हणूनच’ पाहिजे.

गोव्यात खोबरेल तेल डोक्याला, दाराच्या बिजागरीला, पोराच्या गुडघ्याला आणि मशीनला एकाच बाटलीतून जातं. अंगाला ते उत्तम. मशीनमध्ये ते हवेने घट्ट होत जातं, धूळ धरतं, आणि काही वर्षांनी लोखंडावर तपकिरी, चिकट साल चढते. सुईची दांडी वर काढून बघा, वार्निश लावल्यासारखी चमकत असेल. हा गंज नव्हे. गंज असता तर लालसर, खरखरीत लागला असता. नुसती साल असेल तर तुमचं मशीन शंभर टक्के सुटणार, फक्त घाई नको.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा. पट्टा चाकावरून उतरवा आणि पेडल पायाने हलवा. पेडल मोकळं फिरलं तर खालचा स्टँड ठीक आहे, दोष वर. मग चाकाच्या मधोमध असलेला गोल नट आपल्याकडे फिरवून सैल करा. बॉबिन भरताना करतो तेच. आता चाक एकटंच मोकळं फिरलं तर अडकलंय ते आत, सुईच्या दांडीत नाहीतर शटलाच्या भागात. चाकही फिरलं नाही तर ते दांड्यावरच चिकटलंय. एवढं कळलं की निम्मं डोकं शांत होतं.

मग सुई काढा, फूट (कापड दाबून धरणारा पाय) काढा, डाव्या टोकाचं झाकण, सरकते पत्रे, कापड सरकवणाऱ्या दात्यांवरची प्लेट, बॉबिन केस, सगळं काढा. दर भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, स्क्रू झाकणात ओळीने ठेवा. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसणारं हवं. लहान पात्याने फिरवाल तर खाच सोलून निघेल आणि तो स्क्रू जन्मात सुटणार नाही. शटलाच्या वाटेत दोऱ्याचे तुकडे शोधा, चाकाच्या मागच्या दांड्यावरही शोधा. कधी कधी सगळा आजार म्हणजे तिथे गुंडाळलेला वीतभर दोरा असतो. चिमट्याने आणि टोकदार सुईने तो ओढून काढा.

यानंतर रॉकेल. वरच्या भोकांतून दोन-दोन थेंब, आणि मशीन मागे कलंडवून खाली जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे तिथे थेंब. ओतायचं नाही, न्हाऊ घालायचं नाही. काळ्या रंगावर आणि नक्षीवर ओघळलं तर लगेच टिपून घ्या. दारं-खिडक्या उघड्या, जवळ दिवा-उदबत्ती काही नको. रात्रभर मुरू द्या. सकाळी चाकाला हात लावून किंचित पुढे, किंचित मागे असं हलवा. नाही हललं तर केस वाळवायच्या यंत्राने त्या भागाला ऊब द्या, आदल्या रात्रीचं रॉकेल पूर्ण उडालेलं आहे ना ते बघून. ऊब मिळाली की साल मऊ पडते. मग पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. पहिल्या दिवशी सुताएवढं हललं तरी समजा जिंकलात. जोर लावलात तर मात्र चाकापासून सुईपर्यंत जो भाग सगळ्यात नाजूक तो तुटेल, आणि तो ओतीव असतो, जोडता येत नाही.

सुटलं की रॉकेल पुसून टाका. रॉकेल साफ करतं, वंगण घालत नाही, तसंच ठेवलंत तर कोरडं लोखंड घासून झिजेल. आता शिवणयंत्राचं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ तेल दर भोकात एकेक थेंब, आणि दोरा न ओवता दहा मिनिटं पेडल मारा. काळपट-तपकिरी तेल बाहेर यायला लागेल. पुसा, परत थेंब, परत चालवा. स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा. वरचा दोरा आवळून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांना मात्र तेलाचा स्पर्श नको, त्यांच्या मधून सुती चिंधी ओढून घ्या.

चाकाचा तो नट पूर्ण काढलात तर आत तीन कान असलेली एक चकती निघेल. परत बसवल्यावर नट घट्ट करूनही सुई हलत नसेल, किंवा सैल करूनही चाक सुटत नसेल, तर चकती अर्धा फेरा फिरवून बसवा. अनेक मशीनं या एवढ्याशा चकतीपायी ‘खराब’ ठरून कोपऱ्यात गेली आहेत.

आणखी एक. दसऱ्याला मशीनची पूजा करता ते चांगलंच आहे, पण झेंडूची ओली फुलं बैठकीवर दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. तुमच्या फोटोत खांबाशेजारी जो गोल तांबूस डाग आहे तो तिथलाच दिसतोय मला. हळद-कुंकू लाकडी फळीला लावा, लोखंडाला फुलं हातभर लांबूनच बरी.

प्रश्न : सासऱ्यांनी गोवा मुक्तीच्या आधी घेतलेलं ‘ओलिव्हा’ नावाचं मशीन आमच्याकडे आहे. घरात सगळे म्हणतात शंभर वर्षांचं आहे. मडगावात दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे म्हणाले हे नाव ऐकलं नाही, भंगारात द्या. माहितीपुस्तक पोर्तुगीजमध्ये. काय करू? (एक वाचक, केपे)

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. ओलिव्हा पोर्तुगालच्या उत्तर भागातल्या साओ जुआंव द मादेइरा गावचं. तिथे १९२५ मध्ये ओतकामाचा कारखाना निघाला आणि १९४८ पासून त्यांनी शिवणयंत्रं बनवायला घेतली. त्या काळात पोर्तुगालमध्ये घराघरांत हेच नाव होतं. गोवा तेव्हा त्यांच्या ताब्यात, शिवाय १९५० च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर इकडच्या बाजारात समुद्रापलीकडचाच माल जास्त. मुंबईच्या मेकॅनिकने जे नाव ऐकलेलं नसतं ते केप्यात सापडतं ते असं.

शंभर वर्षांचा हिशेब मात्र जुळत नाही. १९४८ च्या आधी मशीनच नव्हतं, आणि सासऱ्यांनी घेतलं ते मुक्तीच्या, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आत. म्हणजे तुमचं मशीन या तेरा-चौदा वर्षांतलं. तरी सासूबाईंना हे जेवणानंतर सांगा.

पुस्तक शेजारच्या एखाद्या लिसेवमध्ये (पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात) शिकलेल्या आजोबांना दाखवा. त्यांचीही दुपार चांगली जाईल. पण पुस्तकावाचून अडून राहायचं कारण नाही. जुनी सुई काढा आणि नव्या ‘१५×१’ सुईशेजारी, दोन्हींची वरची टोकं टेबलाच्या कडेला टेकवून ठेवा. एकूण लांबी, वरच्या भागाची जाडी आणि भोकाची जागा, तिन्ही जुळली तर तीच सुई घाला आणि चाक हाताने, अगदी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. कुठेही टक् असा आवाज न येता फिरलं पाहिजे. बॉबिनचंही तसंच. दुकानदाराला नाव सांगू नका, बॉबिन हातात द्या आणि याच उंचीची, याच रुंदीची द्या म्हणा. नाव सांगितलं की तो नाही म्हणतो, वस्तू दाखवली की खण उघडतो. मिलिमीटरभर उंच बॉबिन केसमध्ये बसल्यासारखी वाटते आणि मग दोरा झटके देत येतो, तेव्हा घाईने घेऊन येऊ नका, तिथेच केसमध्ये घालून फिरवून बघा.

मशीन चालतं की नाही हे तुम्ही लिहिलंच नाही! चालत असेल तर नुसतं तेल घाला आणि शिवायला बसा.

प्रश्न : सिंगरची नक्षी पुसट झालीय. थिनर किंवा स्पिरिटने पुसून वर ऑइल पेंट मारला तर नव्यासारखं दिसेल ना? (एक वाचक, वास्को)

उत्तर : दिसेल, शवपेटीसारखं. नक्षीवर लाखेचं पातळ अस्तर असतं, स्पिरिट लागलं की लाख विरघळते आणि तिच्याबरोबर सोनेरी रेषा चिंधीवर येतात. सॅनिटायझरही तेच करतं, करोनाच्या दिवसांत किती जणांनी मशीनं ‘निर्जंतुक’ केली देव जाणे. साबणपाणी, अमोनियाचा काचेचा फवारा, भांडी घासायची पूड, सगळं वर्ज्य. मशीनचं तेल आणि मऊ सुती चिंधी एवढंच लागतं. वेळ लागेल, चिंध्या काळ्या होतील. जी नक्षी गेली ती गेली. जिथे आईचं मनगट टेकायचं तिथली नक्षी झिजलेली असते, ती तशीच छान दिसते माझ्या डोळ्यांना. वास्कोची खारी हवा असल्याने उघड्या पडलेल्या लोखंडावर तेलाचा हात अधूनमधून फिरवत चला.

प्रश्न : जुनं सिंगर १५ साफ करून घेतलं, पण कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता होतो. बॉबिन केसचा स्क्रू घट्ट करून पाहिला, सैल करून पाहिला. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : चोर सोडून संन्याशाला फाशी! गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनला धरतात. दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली ठेवून दोरा ओवलात तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही, वरून लोंबत राहतो आणि सुई जेवढा मागेल तेवढा खाली सांडतो. फूट वर उचला, दोरा काढून पहिल्यापासून ओवा. मग सुईजवळ दोरा धरून ओढा : फूट वर असताना सहज यायला हवा, फूट खाली केलं की अडायला हवा. फरक जाणवला नाही तर चकत्यांत जुन्या दोऱ्याचा कापूस अडकलाय, तो काढा. तुमच्या मशीनला दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा असतो हेही एकदा तपासा.

बॉबिन केसचा स्क्रू आता परत जागेवर आणायला हवा. केसमध्ये बॉबिन घाला, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबती ठेवा. केस आपोआप सरकून खाली आली तर सैल आहे. हाताला हलकासा झटका दिल्यावर जराशी उतरून थांबली तर बरोबर. यापुढे तो स्क्रू हलवायचा तर पाव फेऱ्याहूनही कमी, आणि आधी खुणेचा फोटो काढून.

प्रश्न : एक माणूस दारावर आला होता. जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो, तो असेल तर लाखो रुपये देतो म्हणाला. सुईजवळ मोबाइल धरून तपासणी केली आणि ‘थोडा आहे’ म्हणाला. आगाऊ म्हणून तपासणीचे पैसे मागतोय. खरं असेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पैसे देऊ नका आणि परत आला तर शेजाऱ्यांना हाक मारा. ही अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात जोरात होती. सिंगरच्या सुईत लाल पारा आहे, मोबाइल जवळ नेला की लाइन तुटते, वगैरे. लोकांनी जुनी मशीनं वेड्यासारख्या किमतीला घेतली, चोऱ्यासुद्धा झाल्या. तीच गोष्ट आता फिरत फिरत डिचोलीला पोचलेली दिसते. पाऱ्याचं लाल संयुग आहे, त्याला आपण हिंगूळ म्हणतो. पण अफवेतला हा जादूचा लाल पारा आजवर कुणी दाखवलेला नाही. आणि मला सांगा, सुई ही पोलादाची, बोथट झाली की बदलायची वस्तू. तुमच्या आईने आयुष्यात किती सुया मोडल्या असतील! पारा असलाच तर तो कधीच केरात गेला.

खरी किंमत विचाराल तर निराश व्हाल. एकट्या क्लाइडबँकमधून १९१३ या एका वर्षात दहा लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडली. जुनं आहे म्हणून दुर्मीळ आहे असं होत नाही. सगळे भाग जाग्यावर असलेलं, टाका सुबक घालणारं मशीन शिवणाऱ्या बाईला विका, ती योग्य पैसे देईल. हौशी मंडळी देतील ते बहुधा खालच्या लोखंडी स्टँडचे. त्यावर फळी टाकून कॅफेत टेबल करतात आणि वरचं मशीन मागच्या अंगणात पावसात. तसल्या गिऱ्हाइकाला निदान मशीन स्वतःकडे ठेवून नुसता स्टँड द्या. अठ्ठावीस असो की पंधरा, हाताने फिरवायची दांडी बसवून ते चालतं. फक्त तुमच्या चाकाला आरे आहेत का ते आधी बघा. दांडीचा अडसर आऱ्यांच्या मध्ये बसतो, भरीव चाकाला तो धरायला जागा नसते.

प्रश्न : जूनपासून पायमशीनचा कातडी पट्टा घसरतो, चाक फिरतच नाही. दरवर्षी नवा घ्यावा लागतो का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : नाही. दमट हवेत कातडं सैल पडतं, आणि वाळपईचा पाऊस तर विचारायलाच नको. पट्ट्याची पितळी किंवा लोखंडी क्लिप उघडा, एका टोकाचा अर्धा इंच कापा, दाभणाने नवं भोक पाडा आणि क्लिप पक्कडीने दाबून परत बसवा. एकदम इंचभर कापू नका, उन्हाळ्यात तोच पट्टा आवळेल आणि पेडल जड जाईल. पट्टा चाकावर इतकाच ताणलेला हवा की मधोमध बोटाने दाबला तर थोडा दबेल. त्याला तेल लागू देऊ नका. लागलंच असेल तर कोरड्या फडक्याने पुसून खडूची पूड चोळा. शिवायचं नसेल त्या दिवसांत पट्टा चाकावरून उतरवून ठेवा. मशीनवर प्लास्टिक घालू नका, आत घाम धरतो. जुनं सुती लुगडं दुहेरी करून घाला, आणि ऊन पडलं त्या दिवशी झाकण उघडून तासभर वारा लागू द्या.